शेवळं, वलगण आणि चौथीचा वर्ग: आदिवासी वाड्यांवर परिसर अभ्यास कसा शिकवावा

शहापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, वर्गातील निम्म्याहून अधिक मुले ठाकर आणि कातकरी वाड्यांमधून येतात, परिसर अभ्यास मुलांच्या स्वतःच्या शोधातून शिकवावा आणि त्यात आदिवासींची दृष्टी यावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. परंतु आजवर ही गोष्ट भिंतीवरची वारली चित्रे आणि ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाची भाषणे यांच्या पुढे गेलेली नाही. सुरुवात कोठून करावी, घरची आजी सांगते ते आणि पुस्तक सांगते ते जुळले नाही तर काय करावे आणि या सगळ्यात अभ्यासक्रम मागे तर पडणार नाही ना, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शहापूर, मुरबाड आणि कर्जत या पट्ट्यातील वाड्यांवर मी बावीस वर्षे प्राथमिकच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या शिक्षकांबरोबर काम करत आले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते.

सर्वांत आधी एक भेद स्पष्ट करते, कारण माझ्या मते सारे त्यावर अवलंबून आहे. कोणती रानभाजी कधी येते, ही माहिती झाली. ती कोणी खुडायची, किती खुडायची, कंदाला हात लावायचा की नाही, पहिली भाजी कोणापुढे ठेवायची, ही त्या माहितीची रीत झाली. शाळा जेव्हा आदिवासी ज्ञान वर्गात आणते तेव्हा बहुधा माहिती उचलते आणि रीत रानातच सोडून येते. मग रानभाज्यांचा एक तक्ता तयार होतो, तो भिंतीवर लागतो आणि त्या तक्त्यातील प्रत्येक भाजी ओळखणारी कातकऱ्याची मुलगी शेवटच्या बाकावर पूर्वीसारखीच गप्प बसून राहते. आदिवासी दृष्टी म्हणजे जास्तीची माहिती नव्हे. जंगलाशी आपले नाते आहे आणि नात्यातल्या माणसाला जसे विचारून घ्यावे तसे जंगलालाही विचारून घ्यावे, ही जाणण्याची एक शिस्त आहे. मुलांच्या शोधाला हीच शिस्त लावणे, हे आपले खरे काम आहे.

आपल्याकडे या कामाला मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखायला जाणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेत आणि पाड्यांवरच्या अंगणवाड्यांत महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पाने हीच शिकण्याची साधने झाली. शाळेने मुलाकडे जायचे असते, ही गोष्ट त्यांनी कृतीतून दाखवली. माझ्या मते पुढचे पाऊल असे की, कुरणातल्या मुलाला आधीपासून काय येते हे त्याला आदराने विचारावे आणि त्याच्या उत्तरापासून धडा सुरू करावा.

याचे एक उदाहरण मी सविस्तर सांगते, कारण आपली शाळा ज्या भागात आहे तेथे ते जूनमध्ये जसेच्या तसे करता येण्यासारखे आहे.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते तेव्हा शेवळांचा, म्हणजे पावसाच्या तोंडाशी कंदातून वर येणाऱ्या रानभाजीचा, हंगाम संपत आलेला असतो. एका वर्षी पहिल्याच आठवड्यात मी चौथीच्या मुलांना इतकेच विचारले की, सुट्टीत रानात काय काय उगवलेले पाहिले. शेवळांचे नाव निघाले आणि एका ठाकर मुलाने विचारले, ‘‘पाऊस पडायच्या आधीच शेवळं वर येतात, त्यांना कोण सांगतं?’’ हा प्रश्न मी फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिला आणि उत्तर दिले नाही. पुढचे चार आठवडे आमचा परिसर अभ्यास या एका प्रश्नाभोवती चालला.

मुलांना पहिला विचार सुचला तो शेवळाचा कंद खणून शाळेत आणायचा आणि त्याच्यावर लक्ष ठेवायचे. मी त्यांना म्हटले, आधी घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या घरून एकच उत्तर आले, की कंद काढायचा नाही. वरचा कोंब खुडायचा, कंद पुढच्या वर्षासाठी जमिनीत राहू द्यायचा. आता प्रयोग कसा करावा, हा पेच मुलांपुढे उभा राहिला, आणि असा पेच हीच शिकवण्याची संधी असते. तो पेचही मुलांनीच सोडवला. शेवळ ज्या कुळातले आहे त्याच कुळातला सुरण एका मुलीच्या घरी बियाण्यासाठी माळ्यावर ठेवलेला होता. त्याला माती नाही, पाणी नाही, तरी कोंब आला होता. तो सुरण तिने वर्गात आणला. कोरड्या जागी ठेवलेल्या कंदालाही ठराविक काळ विसावा घेतल्यानंतर कोंब येतो, म्हणजे वेळेचा काही भाग कंदाच्या आतच असतो, इथपर्यंत मुले त्या एका सुरणावरून पोहोचली. नंतर वर्गात आलेल्या एका आजीला आम्ही तोच प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्याच्या पोटात दिस मोजलेलं असत्यात, पाऊस नुसतं दार उघडतो.’’ वनस्पतिशास्त्रात कंदाच्या सुप्तावस्थेबद्दल जे लिहिलेले असते त्याला हे वाक्य किती जवळ आहे, हे मुलांना समजावून सांगण्याची मला गरज पडली नाही.

त्याच आजीकडून दुसरा शोध सुरू झाला. शेवळाने घसा खाजतो, म्हणून आतला पिवळसर भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड या रानझाडाची आंबट फळे, चिंच किंवा कोकम घालतात. मुलांनी वाडीतल्या घराघरांत जाऊन कोण काय घालते याची नोंद केली. काकड बाजूच्या रानात असलेल्या वाडीत काकडच वापरत होते आणि रस्त्यालगतच्या वाडीत चिंच, हे त्या नोंदीतून दिसले. म्हणजे रानाचा नकाशा स्वयंपाकघरात सापडला. खाज का येते, हे पाहण्यासाठी आम्ही त्याच कुळातल्या अळूच्या देठाचा पातळ काप कागदी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया त्यात दिसतात, आणि एकदा त्या सुया डोळ्यांनी पाहिलेले मूल ‘खाज’ हा शब्द पुन्हा सहज वापरत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. वर्गात कोणत्याही रानवनस्पतीची चव घ्यायची नाही, कच्ची तर नाहीच. आंबट न घातलेली भाजी मुलांना चाखायला देऊन ‘प्रयोग’ करणे हा अविचार होईल. कळलावीसारखी देखणी पण अत्यंत विषारी वेलही याच रानात याच दिवसांत असते, आणि कडूकंद राखेबरोबर उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्यानंतरच खातात, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. रानातले खाणे रांधणाऱ्या हातांच्या ज्ञानाने सुरक्षित झालेले आहे, तेव्हा ते त्याच हातांकडून, शिजवलेलेच, स्वीकारावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते: आजी आणि पुस्तक जुळले नाही तर काय करावे. याचे नेहमीचे उदाहरण बहाव्याचे आहे. बहावा फुलला की साधारण दीड महिन्याने पाऊस, असे पुष्कळ ठिकाणी मानतात. पुस्तकात मात्र पाऊस नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी येतो. शिक्षक येथे दोनपैकी एक चूक करतात. काहीजण ‘ही समजूत आहे’ असे सांगून विषय संपवतात आणि मुलाच्या आजीला वर्गासमोर खोटी ठरवतात. काहीजण उलट टोकाला जाऊन ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणतात आणि मुलाच्या हातातला शोधच काढून घेतात. दोन्ही वेळा मूल विचार करायचे थांबते.

मी मुलांना नोंदवही करायला लावते. शाळेजवळचा एक बहावा ठरवायचा, त्याच्यावर पहिला झुबका दिसला ती तारीख लिहायची. सुट्टीत हे काम वाडीत राहणाऱ्या दोन मुलांकडे सोपवायचे. पावशा पक्ष्याची ‘पेरते व्हा’ ही हाक पहिल्यांदा ऐकू आली ती तारीख, काजवे दिसले ती तारीख, मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या ती तारीख, आणि शेवटी ओढा पहिल्यांदा वाहिला ती तारीख. एका वर्षाच्या नोंदीवरून काहीही सिद्ध होत नाही, म्हणून ही वही पुढच्या वर्गाकडे द्यायची. तीन-चार वर्षांच्या नोंदी समोर आल्या की मुलांना दोन गोष्टी दिसतात. एकट्या बहाव्यावरून काढलेला अंदाज काही वर्षी बराच चुकतो. आणि जाणती माणसे एकट्या बहाव्यावरून अंदाज कधी काढतच नाहीत. ती वारा, मुंग्या, पाखरे, हवेतली उकड या सगळ्यांचा एकत्र विचार करतात आणि पेरणीचा निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत मोकळा ठेवतात. आजीचे ज्ञान म्हणून आपण जे वाक्य पाठ केले होते ते तिच्या ज्ञानाचा एक तुकडा होता, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून कळते. मला हे बहाव्याची परीक्षा घेण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

कॅनडातील मिगमॉ या आदिवासी समाजाचे ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी २००४ साली या गोष्टीसाठी ‘दोन डोळ्यांनी पाहणे’ अशी कल्पना मांडली: एका डोळ्याने आपल्या लोकांच्या ज्ञानाचे बळ पाहावे, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचे, आणि दोन्ही डोळे एकत्र वापरावेत. मला त्यात आवडते ते हे की, एका डोळ्याने दुसऱ्याची तपासणी करायची नसते. आपल्याकडे प्रत्येक रितीमागे ‘शास्त्रीय कारण’ शोधण्याची खोड फार आहे. वारली पाड्यांवर पावसाळ्यातील नवी भाजी देवाला वाहिल्याशिवाय खात नाहीत आणि भात घरी आल्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, पूजा होते. या थांबण्यामुळे रोपांना वाढायला किती दिवस मिळतात हे मुलांनी जरूर मोजावे, तो उत्तम प्रश्न आहे. परंतु ‘म्हणूनच ही पूजा आहे’ असा निष्कर्ष लिहून टाकू नये. कणसरी ही पूजा करणाऱ्या माणसासाठी घरात आलेली देवता आहे, रोपसंवर्धनाची युक्ती नव्हे, आणि वर्गात बसलेल्या त्या घरच्या मुलाला हा फरक आपल्यापेक्षा लवकर जाणवतो.

त्याबरोबरच हेही स्पष्ट सांगायला हवे की, आदिवासींची प्रत्येक प्रथा जंगलाच्या हिताचीच असते असे मानणे हाही एक प्रकारचा अनादर आहे. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून मासे अंडी घालण्यासाठी उलटे वर चढतात, त्याला आपल्या भागात वलगण म्हणतात, आणि त्या दिवशी सारी वाडी मासे धरायला ओढ्यावर असते. पाचवीच्या मुलांनी एका वर्षी घरी आलेल्या माशांपैकी किती अंड्यांनी भरलेले आहेत ते मोजले आणि आकडा पाहून मुले स्वतःच अस्वस्थ झाली. त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारले तेव्हा एकमत नव्हते: कोणी म्हणाले की वलगण दोन-तीन दिवसांची असते, तेवढ्याने मासे संपत नाहीत, कोणी म्हणाले की पूर्वी हाताने आणि टोपलीने धरत होते, आता ओढ्याच्या पूर्ण रुंदीला जाळे लागते, एका आजोबांनी बंधाऱ्याकडे बोट दाखवले, ज्याच्यामुळे मासे वरच्या डोहापर्यंत पोहोचतच नाहीत. मी कोणतेही उत्तर बरोबर म्हणून जाहीर केले नाही. ज्या समाजाचे पोट त्या ओढ्यावर आहे त्याच्या आत हा वाद आधीच चालू आहे, आणि मुले त्या वादात नोंदी घेऊन सहभागी झाली, हेच मला हवे होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावात कोणताही मोठा विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, त्याच्या मागे अशा अभ्यासाची अनेक वर्षे आहेत. वर्गातला शोध हा त्याच अभ्यासाचे लहान रूप आहे, असे मी मुलांना सांगते.

माझ्याकडून घडलेली एक चूक सांगते, कारण आपल्याकडून ती होऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना औषधी वनस्पती गोळा करून आणायला सांगितले होते. एका मुलाने बरीच मुळे उपटून आणली. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा, जे त्या वाडीचे भगत, म्हणजे झाडपाल्याचे औषध देणारे जाणते, होते, शाळेत आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले की, ही मुळे कोणासाठी काढली, आजारी कोण आहे. आजारी कोणी नाही म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. विनाकारण, न विचारता, प्रदर्शनासाठी औषध काढणे त्यांच्या लेखी किती मोठा अपराध आहे हे मला त्या शांततेत समजले. तेव्हापासून औषधांच्या ज्ञानाला मी वर्गात हात लावत नाही. ते ज्ञान ज्याचे आहे त्याने स्वतःहून सांगितले तरच ऐकावे, आणि लिहून घेण्याआधी परवानगी मागावी. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ साली रद्द करून घेण्यासाठी आपल्या देशाला केवढा झगडा करावा लागला, हे आपल्याला ठाऊक आहे. मग वाडीतल्या भगताचे ज्ञान आपण मोबाइलवर चित्रित करून सगळीकडे पाठवतो तेव्हा त्याच्या हक्काचाही तेवढाच विचार करायला हवा.

वर्गात येणाऱ्या आजी-आजोबांना पाहुणे म्हणून मिरवू नये, शिक्षक म्हणून बसवावे. त्यांची एक दिवसाची मजुरी बुडते, ती शाळा व्यवस्थापन समितीतून भरून द्यावी. त्यांना माइकसमोर उभे करू नये. शक्य तितके वर्गानेच त्यांच्याकडे, त्यांच्या अंगणात किंवा बांधावर जावे. आणि त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहावेत. पहिल्या पावसात बिळांतून निघणारे मुठे आणि नदीतली चिंबोरी यांना पुस्तकात एकच ‘खेकडा’ असतो. मुलांच्या बोलीत ते वेगळे आहेत, कारण त्यांच्या राहण्याच्या जागा आणि धरण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. बोलीतला शब्द पुसून प्रमाण शब्द लिहिला की एक निरीक्षणही पुसले जाते. दोन्ही शब्द शेजारी राहू द्यावेत, परीक्षेत प्रमाण शब्द लिहायला मुले सहज शिकतात.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती प्रशिक्षणांत कोणी सांगत नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. आपण शोधाचे उपक्रम जानेवारी-फेब्रुवारीत, वार्षिक नियोजनाच्या सोयीने ठेवले, तर रान सर्वांत चांगले ओळखणारी मुलेच वर्गात नसतील. म्हणून जून ते दिवाळी हाच शोधाचा काळ धरावा आणि पुस्तकातील ऋतू, अन्न, पाणी, सजीव हे धडे त्या काळात ओढून घ्यावेत. जी मुले भट्टीवर जातील त्यांच्याबरोबर एक छोटी वही द्यावी. भट्टीच्या आसपासची माती, पाणी, पाखरे हाही परिसरच आहे, आणि परतल्यावर ती वही वर्गात सर्वांत आधी वाचावी.

अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मला पहिल्या दोन वर्षांत होती, नंतर राहिली नाही. शेवळांच्या जुड्या कल्याणच्या बाजारात किती रुपयांना विकल्या आणि गाडीभाडे वजा जाता काय उरले, हे गणित आहे. आजीची मुलाखत लिहून काढणे ही भाषा आहे. ओढ्याचा नकाशा हा भूगोल आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये मुलांनी कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकावे आणि शक्य तेथे मातृभाषेतून शिकावे असे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा कोणी अधिकारी विचारतील तर आपण कायद्याच्या बाहेर काही करत नाही.

आपल्या वर्गात बिगर-आदिवासी मुलेही आहेत, त्यांचे काय, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगते. शेवळांच्या आठवड्यांत कुणबी आणि आगरी घरांतली मुले प्रथमच ठाकर मुलांना प्रश्न विचारू लागली, आणि उत्तर देणारे मूल कधी नव्हे ते उभे राहून बोलले. त्यासाठी मी वेगळे काही केले नव्हते. प्रश्न असा होता की त्याचे उत्तर ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच जावे लागत होते.

या जूनमध्ये आपण पहिल्या आठवड्यात एकच काम करावे. मुलांना रानात किंवा शाळेमागच्या माळावर तासभर न्यावे, कोणतेही पान तोडू न देता फिरू द्यावे, आणि परत आल्यावर प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःच्या बोलीत सांगावा. तीस मुले असतील तर तीस प्रश्न होतील. ते सगळे एका जाड वहीत त्या मुलाच्या नावासह लिहावेत, त्यांपैकी एकच पुढच्या महिन्यासाठी निवडावा, आणि निवड मुलांनाच करू द्यावी. वर्षअखेरीस त्या वहीच्या दोन प्रती काढाव्यात: एक शाळेत पुढच्या वर्गासाठी ठेवावी आणि दुसरी वाडीत, ज्या अंगणात आपण सर्वाधिक वेळा बसलात त्या घरी, स्वतः जाऊन द्यावी.